डोमकळी ओळखणे आणि पतंग मोजणे: मेंदूत ही दोन यंत्रे की एकच?

मूळ लेख (शिक्षक, दारव्हा तालुका)

कपाशीत डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळीमुळे नीट न उमललेले गुलाबकळीसारखे फूल, दिसताच आमच्याकडील शेतकरी ती क्षणात ओळखतो, मात्र कशावरून ओळखली हे त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही. तोच शेतकरी पुढे कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले या अळीचे पतंग मोजतो आणि सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घेतो. पहिले काम अनुभवातून घडलेल्या चेतापेशींच्या जाळ्याचे, तर दुसरे चिन्हांचे आणि नियमांचे. माझ्या मते मेंदूत दोन्ही खरोखर आहेत आणि नियम त्या जाळ्यातूनच उभे राहतात.

प्रतिसाद १ (कापूस उत्पादक, वणी तालुका)

गुरुजी, मी सहमत नाही. ८ पतंगांचा नियम पत्रकात छापलेला असतो. तो मेंदूत शोधण्याचे कारण नाही. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये इंग्रजी क्रियापदांची भूतकाळी रूपे शिकणारे, चेतापेशींच्या धर्तीवरचे संगणकी जाळे मांडले. त्यात एकही व्याकरणनियम लिहिलेला नव्हता, तरीही ते लहान मुलांसारख्या चुका करू लागले. माझी मुलगी 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते, कारण 'धरलं', 'भरलं', 'मारलं' तिच्या कानांवर सतत पडले आहे. इथे नियम कुठे आला?

प्रतिसाद २ (शिक्षिका, धारणी तालुका)

दादा, मुलीची चूक सादृश्याने समजते, पण वाक्याचे काय? आमच्या वर्गातील कोरकू बोलणाऱ्या मुलाला 'गाय वासराला शोधते' कळले की 'वासरू गाईला शोधते' हेही कळते आणि मग तो '-ला' कोणत्याही नव्या नामाला जोडतो. मनाचा अभ्यास करणारे फोडर आणि पिलिशिन यांचा अशा जाळ्यांवरचा १९८८ मधील आक्षेप हाच होता: जाळे केवळ साम्यावर चालत असेल, तर भूमिकांची ही अदलाबदल आपोआप का यावी?

प्रतिसाद ३ (कापूस उत्पादक)

ताई, मुद्दा वजनदार आहे. मात्र 'कुत्र्याने हुसकलेल्या गाईने शोधलेल्या वासराला' अशी वाक्ये वाढत गेली की माणूस गोंधळतो. चिन्हांचे शुद्ध यंत्र गोंधळले नसते.

प्रतिसाद ४ (मूळ लेखक)

तो गोंधळच माझा पुरावा आहे. याच विषयाचे अभ्यासक स्मोलेन्स्की यांनी १९९० मध्ये दाखवले की 'कोण' आणि 'कोणत्या भूमिकेत' हे दोन आकड्यांचे संच गुणून एकाच जाळ्यात साठवता येतात. भूमिकांचे संच एकमेकांसारखे असतील, तर परत काढताना एकाची छाया दुसऱ्यावर पडते. म्हणजे चिन्हे आहेत, पण ती जाळ्याच्या मर्यादेत.

प्रतिसाद ५ (कापूस उत्पादक)

गणिताने हे शक्य आहे, एवढे मान्य. परंतु चेतापेशी असाच गुणाकार करतात हे मेंदूतील मोजमापाने दिसेपर्यंत मी जाळ्यालाच पुरेसे मानतो.