मदत हवी आहे : भूमिका वठवण्याचे अनुभवगुण कसे द्यावेत?

नमस्कार. आम्ही पाच जण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवत खेळायच्या खेळाची २०१४ सालची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डंजन मास्टरचे, म्हणजे कथा सांगून खेळ चालवण्याचे, काम माझ्याकडे आहे. या नियमांत एका गॉब्लिनला (एक छोटा राक्षस) हरवल्यास ५० अनुभवगुण मिळून ते गटात वाटले जातात आणि हे गुण साठवून पात्राची ताकद वाढते, म्हणजे पातळी चढते; दुसऱ्या पातळीसाठी ३०० लागतात. परंतु एखाद्या खेळाडूने आपल्या पात्राच्या स्वभावाला जागून हाती आलेला खजिना सोडून दिला, तर त्याचे किती गुण द्यावेत, याचा ठरलेला आकडा नाही. त्यासाठी ‘इन्स्पिरेशन’ नावाचे बक्षीस आहे, ज्यामुळे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. आमच्याकडे मात्र ते वापरायचेच राहून जाते.

मी प्रत्येक सत्रात ५० गुण देऊन पाहिले, तेव्हा बोलक्या खेळाडूंनीच ते पटकावले आणि एक अबोल मैत्रीण, जिचे निर्णय खरे तर पात्राला सर्वांत धरून असतात, मागे पडली. (आवाज बदलला की भूमिका वठली, असे मीच धरून चाललो होतो.) हे गुण संपूर्ण गटाला समान वाटावेत, की गुण सोडून कथेतील टप्प्यांवर पातळी वाढवावी? दोन्ही पद्धती चालवून पाहिलेल्यांनी पहिल्या तीन पातळ्यांपुरते तरी नेमके आकडे सुचवावेत, ही विनंती.