नवऱ्याचं परदेशी पोस्टिंग, माझ्या नोकरीचं काय?

प्रश्न: नवरा परराष्ट्र सेवेत आहे, पहिलंच बाहेरचं पोस्टिंग आलंय, तीन वर्षांचं. मी फिजिओथेरपिस्ट. डिप्लोमॅटिक पासपोर्टवर तिथे काम करता येतं का? खूप धास्ती वाटतेय.

उत्तर: आपोआप नाही येत. राजनैतिक अधिकाऱ्यांबाबतच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या कलम ३७ मुळे घरच्यांनाही संरक्षण मिळतं, पण नोकरीचा हक्क त्यात नाही, त्यासाठी बहुतेक ठिकाणी दोन देशांमधला वेगळा करार किंवा परवानगी लागते, ते आधी विचारा, आणि काम सुरू केलं की त्या कामापुरतं दिवाणी दाव्यांपासूनचं संरक्षण (इम्युनिटी) राहत नाही.

उत्तर: राजीनामा देऊ नकोस गं लगेच, बिनपगारी रजा मिळते का बघ. लायसन्स तिथलं लागेल, डिग्री, मार्कशीट, लग्नाचा दाखला सगळं अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात मान्य व्हावीत म्हणून सरकारी शिक्का) करून ने, लांबून ही कामं फार रखडतात.

उत्तर: माझी तीन पोस्टिंग झाली. पहिले सहा महिने जड जातात, नवरा ऑफिसला गेला की त्याला माणसं तयार मिळतात, आपल्याला शून्यातून शोधावी लागतात. भाषेचा क्लास आत्ताच लाव. आणि बँकेत स्वतःच्या नावावर खातं ठेवच, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

प्रश्नकर्ती: रजेचं सुचलंच नव्हतं! उद्याच विचारते.