आधी गहू जाईल, मग ज्वारी

‘सूर्य विझायला ५ अब्ज वर्षं आहेत, तोवर मंगळावर सहज जाऊ’ असं कुणीतरी लिहिलंय. मुदत एवढी लांब नाही हो. सूर्य दर अब्ज वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी प्रखर होतो. उष्णता वाढली की खडकांची रासायनिक झीज वाढते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरत जातो. म्हणजे समुद्र आटण्याआधीच झाडांची उपासमार.

त्यातही क्रम आहे. गहू-तांदूळ सी-३ गटातले, म्हणजे अन्न बनवायला हवेत जास्त कार्बन डायऑक्साइड लागणारे; ते आधी जातील. ज्वारी, मका, ऊस सी-४ गटातले. त्यांचं फार कमी कार्बन डायऑक्साइडवर भागतं. आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जास्त तग धरणार, याचा सोलापूरकरांना आत्तापासूनच अभिमान! (तोवर ती ज्वारी ज्वारी राहिलेली नसेल, ते सोडा.)

मंगळाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ९५ टक्के, पण दाब आपल्या १ टक्क्याहूनही कमी आणि मातीत विषारी पर्क्लोरेट क्षार. उघड्यावर कडबाही मिळायचा नाही. बंद पॉलीहाउसात पिकेल, पण त्याला दुसरी पृथ्वी म्हणायला माझी तरी तयारी नाही. आणि सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? व्हॉयेजर-१ या अंतराळयानाच्या वेगाने तिथे पोचायला ७० हजारांहून जास्त वर्षं.