आत कोण आहे, कुठे आहे, किती वेळ झाला – तुम्ही हे कसं सांभाळता?

तिसरी_शिफ्ट:

नमस्कार मंडळी. अग्निशमनात अकरा वर्षं जवान म्हणून काढली, आता सब ऑफिसर झालोय, आणि गेल्या महिन्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय.

एका गोदामाची वर्दी होती, तळमजला अधिक दोन, धूर इतका की टॉर्चचा उजेड हातभर पण पुढे जात नव्हता. आत सात जण बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारा श्वसनसंच) लावून गेलेले. वरच्या स्लॅबला तडा दिसला म्हणून साहेबांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं, आणि बाहेर मोजले तर सहाच. सातवा कुठेय कुणालाच सांगता येईना. त्याचा जोडीदार म्हणतो माझ्या मागेच होता. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. चार मिनिटं गेली, दोघं जण परत मास्क चढवून आत शिरायच्या तयारीत, मी पण निघालोच होतो, आणि मग तो मागच्या शटरकडून चालत आला. तिकडे होज बदलायला माणूस कमी होता म्हणून तो मागच्या दाराने बाहेर पडून त्यांना मदत करत होता आणि ग्लोव्हजचा धक्का लागून वायरलेस सेटचं चॅनेल बदललेलं.

सगळे म्हणाले सुटलो. पण माझ्या पोटातला गोळा अजून गेला नाही. कारण दारावर मी होतो. आणि दारावर मी काय करत होतो, तर होज आत सारत होतो, पंपवाल्याला प्रेशर सांगत होतो आणि मधेमधे डोकी मोजत होतो. तो खरंच आत पडलेला असता तर मी त्याला कुठल्या मजल्यावर शोधायला सांगणार होतो? मला माहितीच नव्हतं.

तर विचारायचं असं की तुमच्याकडे टॅग, बोर्ड वगैरे काय पद्धत आहे, आणि ती खऱ्या आगीत टिकते का, की फक्त मॉकड्रिलला? आणि दुसरं, हल्ली मोबाईल हरवला तर सापडतो मग माणूस का सापडत नाही, असं काही यंत्र आहे का?

जुना_इन्स्ट्रक्टर:

तुम्ही हे मांडलंत हे फार चांगलं केलंत, बरेच जण "झालं ते झालं" म्हणून पुढे जातात.

मी बीए शिकवण्यात आयुष्य घालवलं म्हणून तिथूनच सुरू करतो. लंडनमध्ये १९५८ च्या जानेवारीत स्मिथफील्डच्या मांसबाजाराला आग लागली होती, खाली तळघरांचा भुलभुलैया, त्यात दोन अग्निशामक हरवले आणि सेटमधला श्वास संपून गेले. आत कोण आहे, कधी गेला, त्याचा सेट किती वेळ पुरणार याची दारावर एकत्र नोंद ठेवायची शिस्त तेव्हा नीट नव्हती. त्यानंतर ब्रिटनमध्ये टॅली आणि एंट्री कंट्रोल बोर्ड आला. बीए सेटला टॅली नावाची एक पट्टी असते, तीवर नाव आणि सिलिंडरचं प्रेशर, आत जाताना ती काढून दारावरच्या माणसाच्या हातात द्यायची, तो ती बोर्डात खोचतो आणि समोर आत गेल्याची वेळ आणि सेटची हवा संपत आल्याची शिट्टी वाजायची वेळ लिहितो. बाहेर आलास की पट्टी स्वतः परत घ्यायची. बोर्डवर पट्टी आहे म्हणजे माणूस आत आहे, बास, त्यात कुणाचा अंदाज नाही.

शिट्टीची वेळ कशी काढायची ते तोंडपाठ असू द्या. ६ लिटरचा सिलिंडर, ३०० बारला भरलेला, म्हणजे ढोबळमानाने १८०० लिटर हवा. शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे ३३० लिटर राखीव सोडा. उरली १४७० लिटर. मिनिटाला ५० लिटर धरली तर २९ मिनिटं. पण जिना चढत, होज ओढत, माणूस उचलत असलेला जवान मिनिटाला १०० लिटरच्या वर सहज जातो, मग तीच हवा पंधरा मिनिटांत संपते. म्हणून बोर्डवरची वेळ ही जास्तीत जास्तची वेळ समजायची, आतल्यांनी गेज बघून मधेमधे प्रेशर कळवायचं आणि बोर्डवाल्याने ते खोडून नवीन लिहायचं. आणि शिट्टी वाजल्यावर निघायचं नसतं, शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवं!

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. बोर्डवर जो उभा आहे त्याच्या हातात दुसरं काही नको. होज नाही, पंप नाही, फोन नाही. माणसं कमी आहेत हे मला माहितीये, सगळीकडे कमीच असतात, पण तरीही मी हेच म्हणेन. तुमच्याकडे त्या दिवशी बोर्ड असता तरी तुम्ही होज सारत असता तर तो सातवा निसटलाच असता.

लाल_बंब:

आमच्याकडे दोन टॅग. एक गाडीतच राहतो, गाडीवर आज कोण कोण आलंय ते त्यावरून कळतं, दुसरा हेल्मेटच्या आत वेल्क्रोने, तो आत जाताना दारावर. गाडीवरचा टॅग ड्युटी सुरू होताना लावायचा, वर्दी आल्यावर नाही, वर्दी आली की कोण टॅग शोधत बसतो.

खरी अडचण टॅगची नाहीये हो. अडचण त्या लोकांची जे दारावर न येता दिसेल तिथून घुसतात. उशिरा पोचलेली दुसरी गाडी, सुट्टीवर असून धावत आलेला भाऊ, हौसेने मागच्या खिडकीतून शिरणारा. मनापासून मदत करायला येतात म्हणून त्यांना रागावता पण येत नाही, पण बोर्डला ते दिसतच नाहीत. आता आमचा नियम आहे की जितकी दारं वापरात तितके बोर्ड, आणि मागचं दार उघडलं तर ते उघडणाऱ्याने आधी वायरलेसवर सांगायचं. तुमचा सातवा इथेच सापडला असता बघा.

सर्किट_वाला:

मी अग्निशमनात नाही, सेन्सर आणि रेडिओचं काम करतो, पण याच विषयावर काही वर्षं घालवलीत म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मोबाईलवाली जीपीएस इमारतीत का चालत नाही, तर ते सॅटेलाईट २० हजार किलोमीटरवर आहेत, खाली येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की काँक्रीटचे दोन स्लॅब आणि पत्रा आला की संपलं. आणि जरी थोडा आला तरी भिंतींवर आपटून आलेला असतो त्यामुळे जागा चुकीची दाखवतो, आणि उंचीत तर तो उघड्या मैदानात पण कच्चा. अग्निशमनात मजला चुकला म्हणजे सगळंच चुकलं ना. शेजारच्या खोलीत शोधणं वेगळं आणि वरच्या मजल्यावर शोधणं वेगळं.

मजल्यासाठी बॅरोमीटर वापरतात, दर मीटरला हवेचा दाब साधारण १२ पास्कलने बदलतो, म्हणजे एका मजल्याला ३५ च्या आसपास. सेन्सरला हे कळतं, पण आग, गरम हवा, फोडलेल्या खिडक्या, ब्लोअर यांनी आतला दाब स्वतःच हलतो, त्यामुळे बाहेर एक संदर्भाचा सेन्सर ठेवून फरक घ्यावा लागतो आणि तरी जपून.

चालण्यावरून जागा काढायचं पण तंत्र आहे, बुटात अॅक्सिलरोमीटर आणि जायरो, म्हणजे प्रवेग आणि वळण मोजणारे सेन्सर. त्यातली चूक वेळेबरोबर फार झपाट्याने वाढत जाते, कारण प्रवेगावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना चूक दोनदा साठते. त्यावर एक सुंदर युक्ती आहे, पाऊल जमिनीला टेकलं की त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, तेवढ्यात सगळा हिशेब नीट करून घ्यायचा. चालणाऱ्या माणसासाठी हे बऱ्यापैकी जमतं. पण अग्निशामक धुरात चालत नाही, तो गुडघ्यावर रांगतो, सरपटतो, जिन्यावरून घसरतो. आमचे आकडे तिथेच कोसळले, आणि मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की तुमचं काम काय असतं.

अल्ट्रा वाइडबँड रेडिओ आहे, अगदी बारीक अचूकतेने अंतर मोजतो, पण इमारतीभोवती त्याचे खांब आधी लावायला लागतात आणि जाड भिंतींपुढे तोही दमतो. म्हणजे यंत्र म्हणजे पर्याय नाही, जोड आहे. एक मात्र घ्याच, हालचाल थांबली की ओरडणारा अलार्म. ३० सेकंद माणूस हलला नाही की तो सुरू होतो. त्याचा आवाज खूप मोठा असला तरी भिंतींवर आदळून कुठून येतोय ते पटकन कळत नाही, आणि जुने अलार्म साधारण १५० अंशाच्या वर तापले की आवाज कमी व्हायचा असं अमेरिकेत चाचण्यांत सापडलं, त्यामुळे २००७ मध्ये तिथलं मानक बदललं. तुमच्याकडचे कुठल्या सालचे आहेत ते जरूर बघा.

रानवाट:

इमारतीबद्दल सगळे बोलले, मी वणव्यात काम करणारी आहे म्हणून थोडं वेगळं सांगते.

आमच्याकडे वर आकाश मोकळं, जीपीएस मस्त चालते, आणि तरीही माणसं हरवतात. ३० जून २०१३ ला अमेरिकेत अ‍ॅरिझोनात यार्नेल हिलच्या वणव्यात एका तुकडीतले १९ जण गेले. ते जळून गेलेल्या, म्हणजे सुरक्षित, पट्ट्यात होते, तिथून निघून न जळलेल्या झुडपांतून खाली उतरायला लागले आणि वारा फिरला. वरच्या अधिकाऱ्यांना वाटत होतं ते अजून सुरक्षित पट्ट्यातच आहेत. जवळपास अर्धा तास त्यांच्याशी नीट बोलणंच झालं नव्हतं. वर विमान होतं, त्यात आग विझवायचा माल होता, पण टाकायचा कुठे हे कुणाला माहिती नव्हतं. हे मी दरवेळी नव्या पोरांना सांगते आणि दरवेळी घसा दाटतो.

त्यानंतर २०१९ मध्ये तिथे कायदाच झाला की वणव्यावरच्या माणसांचा आणि गाड्यांचा ठावठिकाणा दुरून कळेल अशी सोय करायची. पण माझ्या अनुभवाने एक सांगते. नकाशावरचा ठिपका बघायला कुणीतरी बसलेलं असायला लागतं. ठिपका हलला, बघणारा चहाला गेला, मग उपयोग काय. आम्ही साधं ठेवलंय, जागा बदलायच्या आधी सांगायचं, पोचल्यावर नाही. "निघतोय, अमुक नाल्याने, अमुक ठिकाणी" एवढं एक वाक्य. समोरून ते वाक्य परत ऐकू आलं तरच पाय उचलायचा.

तिसरी_शिफ्ट:

ताई, तुमचं "आधी सांगायचं, पोचल्यावर नाही" हे मी लगेच लिहून घेतलं. माझा सातवा नेमका हेच करायला विसरला होता, म्हणजे आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

इन्स्ट्रक्टर सर, एक अजून. वायरलेसवर हजेरी घेताना गोंधळ होतो, सगळे एकदम बोलतात, आणि "सगळे ठीक" असं उत्तर येतं जे मला आता ऐकवत नाही. हजेरी कधी घ्यायची आणि कशी?

जुना_इन्स्ट्रक्टर:

"सगळे ठीक" हे उत्तर मान्यच करायचं नाही. प्रत्येक जोडीच्या प्रमुखाला नावाने हाक, आणि त्याने सांगायचं किती जण, कुठे, सगळ्यात कमी प्रेशर किती. "दोन जण, दुसरा मजला, उजवीकडची भिंत धरून, १६० बार." आणि ते सांगायच्या आधी त्याने जोडीदाराला हात लावलेला असायला हवा. दिसतोय म्हणून नाही, ऐकू येतोय म्हणून नाही, हात लावून.

कधी घ्यायची तर ठरावीक वेळाने, बरेच विभाग दर दहा किंवा वीस मिनिटांनी घेतात. शिवाय कुणी अडकल्याची हाक आली, काही कोसळलं, आतून लढायचं सोडून बाहेरून लढायचं ठरलं, किंवा सगळ्यांना बाहेर बोलावलं, की लगेच. तुमच्या गोदामात बाहेर आल्यावर डोकी मोजलीत ना, ती नावाने मोजायची. सहा हा आकडा तुम्हाला कोण नाही ते सांगत नाही.

आणि दोघं परत आत जायला निघाले होते म्हणालात, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. १९९९ च्या डिसेंबरात अमेरिकेत वूस्टर नावाच्या शहरात एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसं असतील या समजाने शोधायला दोघं गेले आणि खिडक्या नसलेल्या त्या इमारतीत वाट चुकले, हवा संपत आली. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार तिथेच राहिले. सहा जण. बेघर माणसं आधीच बाहेर पडलेली होती. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने जिन्यात उभं राहून बाकीच्यांना अडवलं. आपला माणूस आत आहे हे माहीत असताना दुसऱ्यांना अडवणं, याहून जड काम या नोकरीत नाही. तुमच्या बोर्डवर जागा लिहिलेली असेल तर शोधणारे थेट तिथे जातात, नसेल तर ते पण त्याच भुलभुलैयात.

लाल_बंब:

सर मी एक जोडतो, बोर्डची एक प्रत लांब ठेवा. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉवरपाशी ज्या फलकांवर कुठली तुकडी कुठे ते ठेवत होते ते कोसळताना ढिगाऱ्यात गेले, आणि ३४३ अग्निशामक गेलेले. आम्ही आता दर हजेरीला कंट्रोल रूमला तेच वायरलेसवर वाचून दाखवतो, तिकडचा ऑपरेटर लिहून घेतो.

तिसरी_शिफ्ट:

काल ड्रिल घेतली. प्लायवूडचा बोर्ड, स्केच पेन, आणि बोर्डवर आमचा ड्रायव्हर, त्याचा पंप दुसऱ्याला दिला. पहिल्या वेळी दोन टॅग बोर्डवरच राहिले, माणसं बाहेर येऊन पाणी पीत होती. परत घेतली. दुसऱ्या वेळी एक राहिला. तिसऱ्या वेळी सातवाच बोर्डपाशी आला, स्वतःचा टॅग काढला आणि जोडीदाराचा अजून तिथे आहे बघून मागे वळून त्याला हाक मारली.

आता शेजारच्या केंद्राची माणसं आली की त्यांचे टॅग वेगळ्या मापाचे आहेत, ते आमच्या बोर्डात बसत नाहीत. उद्या त्यांच्या साहेबांशी बोलतोय.