मदत हवी आहे: भाच्याच्या मांडीच्या हाडात गाठ, बायोप्सी कुठे करावी?

गोदाकाठ:
नमस्कार. माझा भाचा १५ वर्षांचा, नववीत आहे. दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. कबड्डी खेळतो, त्यामुळे मुका मार असेल असंच सगळ्यांना वाटलं. पण दुखणं रात्री वाढायचं, गोळीचा असर उतरला की झोपेतून उठून बसायचा. मग सूज दिसू लागली. परभणीत एक्स-रे आणि एमआरआय झाला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची, शंका आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आहे.

इथले डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत इथेच छेद घेऊन तुकडा तपासायला पाठवू. माझी आई म्हणते, गाठीला हत्यार लावलं की ती पसरते, त्यापेक्षा हाडवैद्याकडे न्या. दाजी बोलायचेच बंद झालेत आणि ताई माझ्या तोंडाकडे बघते आहे. बायोप्सी इथे करू द्यावी का? पाय कापावाच लागतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लवकर लिहा.

मांजरा:
मी हाडांचा डॉक्टर आहे, कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करत नाही. असे पेशंट मी स्वतः पुढे पाठवतो, म्हणून लिहितोय.

बायोप्सी करायचीच आहे, पण तिथे नको. सुई किंवा छेद ज्या वाटेनं आत जातो ती वाट, कातडीपासून हाडापर्यंत, पुढे मोठ्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबरच काढून टाकावी लागते, कारण तिच्यावर पेशी राहिलेल्या असू शकतात. म्हणून जो सर्जन शेवटी गाठ काढणार, त्यानंच किंवा त्याच्या टीमनं बायोप्सीची जागा ठरवायची. छेद आडवा किंवा भलत्या जागी पडला तर वाचण्यासारखा पायसुद्धा गमवावा लागू शकतो. बहुतेक वेळा जाड सुईनं काम होतं, मोठा छेद लागतच नाही. आजींना सांगा, योग्य ठिकाणी केलेल्या बायोप्सीनं आजार पसरत नाही, आणि तिच्याशिवाय औषध ठरत नाही. युइंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सर आणि हाडातला जंतुसंसर्ग हेही फोटोत असेच दिसू शकतात, आणि तिघांचे उपचार वेगळे. युइंगला रेडिएशन लागू पडतं, ऑस्टिओसार्कोमा त्याला फारशी दाद देत नाही.

मालिश, शेक, ओढून बांधणं पूर्ण बंद. हाड आतून पोखरलेलं असतं, साध्या अडखळण्यानं मोडू शकतं, आणि मोडलं तर पाय वाचवणं अवघड होतं. आजपासून त्या पायावर भार नको, कुबड्या आणा.

आता पायाबद्दल. गाठ पसरलेली नसेल आणि मुख्य रक्तवाहिन्या व नसा मोकळ्या असतील, तर आज बहुतेक मुलांचा पाय वाचतो. हाडाचा रोगट भाग काढून तिथे धातूचा मोठा सांधा बसवतात. पण त्याआधी साधारण अडीच-तीन महिने केमो असते, आणि ऑपरेशननंतर पुन्हा.

गोदाकाठ:
डॉक्टरसाहेब, खूप आभार. उद्याची बायोप्सी थांबवली. पण गाठ आत ठेवून आधी केमो का? तोवर ती वाढणार नाही का? ताईला हेच पटत नाहीये.

मांजरा:
ताईंचा प्रश्न बरोबर आहे. पूर्वी केमो नव्हती तेव्हा पाय लगेच कापत, तरीही शंभरातले साधारण ऐंशी रुग्ण पुढे दगावत, बहुतेक फुफ्फुसातल्या गाठींनी. म्हणजे निदान होतं तेव्हाच काही पेशी रक्तातून छातीत पोचलेल्या असतात, सीटीत न दिसण्याइतक्या बारीक. त्यांना गाठायला औषधच लागतं. १९७०च्या दशकानंतर केमो आली आणि एकाच जागी असलेल्या आजारात दीर्घकाळ जगणाऱ्यांचं प्रमाण ६० ते ७० टक्क्यांवर गेलं. शिवाय काढलेल्या गाठीत ९० टक्क्यांहून जास्त पेशी मेलेल्या सापडल्या तर औषध चांगलं लागू पडलं असं कळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: केमोनं गाठ आकारानं फारशी कमी झालेली दिसणार नाही. पेशी मेल्या तरी त्यांनी बनवलेलं हाड तिथेच राहतं. दुखणं कमी होणं ही पहिली चांगली खूण. आजार आणखी कुठे आहे का हे बघायला छातीचा सीटी आणि बोन स्कॅन किंवा पेट (PET) स्कॅन नव्या ठिकाणी करून घेतीलच.

पायवाट:
दादा, माझ्या मुलीला हाच आजार झाला होता, मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. आता ती कॉलेजला जाते. धावत नाही, पण चालते, जिने चढते.

पोराशी खरं बोला. पंधरा वर्षांचा मुलगा मोबाईलवर सगळं शोधतो, आणि मोठ्यांची कुजबुज ऐकून त्याला आजारापेक्षा जास्त भीती वाटते. माझी मुलगी खरं कळल्यावर उलट शांत झाली.

केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल नक्की विचारा. या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. आपल्याकडे घरात हे कोणी काढत नाही, तुम्ही मामा आहात, तुम्हीच काढा. केमोतल्या सिस्प्लॅटिननं कानांवर आणि किडनीवर, डॉक्सोरुबिसिननं हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ऐकण्याची तपासणी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. लाल लघवी दिसली तर दचकू नका, तो डॉक्सोरुबिसिनचा रंग असतो. मात्र ताप १००.४ च्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कागद दाखवून चौकशी करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात महात्मा फुले योजनेचं (सरकारची मोफत उपचारांची योजना) आणि रेल्वे सवलतीचं विचारा. फुले योजनेला रेशनकार्ड आणि आधार लागतं, मूळ प्रती घ्या.

गोदाकाठ:
पायवाट ताई, मुंबईला यायला देवगिरी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन केलं आहे. भाच्याला काल रात्री सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, केस जातील का. एमआरआयचा रिपोर्ट पुरेल की फिल्म पण न्यायच्या?

पायवाट:
फिल्म आणि सीडी दोन्ही न्या, नुसत्या रिपोर्टवर सर्जन काही ठरवत नाहीत. एक्स-रेसुद्धा, पहिला पण. केस जातात आणि केमो संपल्यावर परत येतात, हे त्याला आत्ताच सांगा. खालचाच बर्थ घ्या, कुबड्या घेऊन वर चढता येणार नाही.