प्रत्यक्ष ऐकायचे राहून गेलेले बँड कोणते?

रंकाळाकाठ (प्रश्न)

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलेला. १९९०च्या दशकात महाविद्यालयात असताना आम्हा चार मित्रांत मिळून इंग्रजी गाण्यांच्या जेमतेम अकरा कॅसेटी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक नकलेच्या नकला होत्या. मूळ ध्वनिमुद्रणातला झांजेचा झणत्कार आमच्यापर्यंत पोहोचेतो पावसाच्या आवाजासारखा झालेला असे. पिंक फ्लॉइड मी अशा पावसातच प्रथम ऐकला, आणि पुढे चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण हाती आले तेव्हा काही दिवस ते मला परकेच वाटत राहिले.

२००७ मध्ये पिंक फ्लॉइडचे माजी गायक आणि बेसवादक रॉजर वॉटर्स मुंबईत आले, तेव्हा रात्रीच्या गाडीने गेलो. कार्यक्रम उत्तम झाला. प्रत्येक सूर जिथल्या तिथे होता आणि गिटारचे प्रसिद्ध तुकडेही मुळाबरहुकूम वाजले. परंतु ते वाजवणारे हात डेव्हिड गिल्मोर यांचे नव्हते आणि कीबोर्डवर रिचर्ड राइट नव्हते. परतताना साताऱ्याच्या आसपास लक्षात आले, की आपण पिंक फ्लॉइडची गाणी ऐकली, पिंक फ्लॉइड ऐकला नाही.

मला ऐकायचा होता तो १९८०-८१चा त्यांचा ‘द वॉल’चा प्रयोग. तो लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क परिसर, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्याच ठिकाणी झाला आणि एकूण प्रयोग ३१ झाले. वादक वाजवत असताना त्यांच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे ४० फूट उंचीची भिंत रचली जाई आणि पूर्वार्ध संपेपर्यंत बँड दिसेनासा होई. उत्तरार्धात एका गाण्यात गिल्मोर त्या भिंतीच्या माथ्यावर उभे राहून गिटार वाजवत. पैसे मोजून आलेल्या माणसांसमोर भिंत बांधायची आणि तिच्या आडून त्यांना दोन तास खिळवून ठेवायचे, ही कल्पना सुचणे एक वेळ सोपे, पण ती पेलणे अवघड. यातला एक तपशील मला फार आवडतो. ध्वनिमुद्रण चालू असतानाच राइट यांना बँडमधून काढले गेले होते आणि दौऱ्यात ते पगारी वादक म्हणून वाजवत होते. प्रयोगांचा खर्च इतका अफाट होता की भागीदारांना तोटा सोसावा लागला आणि या दौऱ्यातून पैसे घरी नेले ते एकट्या राइट यांनी. जून १९८१ नंतर वॉटर्स, गिल्मोर, राइट आणि ड्रमवादक निक मेसन हे चौघे एका रंगमंचावर आले ते थेट २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, आणि तेही थोड्या वेळापुरते. २००८ मध्ये राइट गेले.

तर प्रश्न असा : तुमचा असा बँड कोणता? अटी दोन. एक म्हणजे, तो त्या रूपात आता ऐकता येणे शक्य नसावे. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. तिथे बसून तुम्ही नेमके काय ऐकले असते, जे ध्वनिमुद्रणात सापडत नाही, तेही लिहावे. ‘वातावरण’ हे उत्तर धरले जाणार नाही.

मिक्सरमागे

मी उलट्या बाजूने उत्तर देतो. ज्या बँडला प्रत्यक्ष ऐकायला मिळाले नाही याची जगाला सर्वाधिक हळहळ आहे, तो बीटल्स मला त्यांच्या दौऱ्यांच्या काळात ऐकायचा नाही, कारण तेव्हा तो कोणालाच ऐकू येत नव्हता.

माझा व्यवसाय सभा-समारंभांना ध्वनियंत्रणा पुरवण्याचा असल्यामुळे मला ही गोष्ट यंत्रांच्या बाजूने दिसते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक माणसे जमली होती. गिटारींसाठी खास बनवून घेतलेले अँप्लिफायर होते १०० वॉटचे, आणि गायन ऐकवले जात होते ते मैदानावर खेळाच्या घोषणा करण्यासाठी बसवलेल्या कर्ण्यांतून. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पुढ्यात जो मॉनिटर ठेवतात, तो त्या काळी नव्हताच. किंकाळ्यांच्या त्या महापुरात रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले आहे याचा अंदाज बांधत. आमच्या पेठेतले लहानातले लहान मंडळसुद्धा विसर्जनाच्या मिरवणुकीत याच्या कित्येक पट वॉट लावते. (ते लावावेत की नाही, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी पोटापाण्यासाठी चुकीच्या बाजूला उभा आहे.)

त्यांचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्याच महिन्यात त्यांची नवी तबकडी बाजारात आली होती आणि तिच्यातले एकही गाणे त्या दौऱ्यात वाजले नाही. फिती उलट्या फिरवून आणि आवाजावर आवाज चढवून तयार केलेले ते संगीत दोन गिटारी, एक बेस आणि एका ड्रमसेटवर उभे करता येण्यासारखे नव्हते. म्हणजे बीटल्सचे जे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, त्याचा प्रत्यक्ष प्रयोग कधी झालाच नाही. हळहळायचे तरी कशासाठी?

एकच अपवाद करीन. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमध्ये सॅव्हिल रो येथील त्यांच्या कार्यालयाच्या गच्चीवर ते सुमारे ४२ मिनिटे वाजले, सोबत कीबोर्डवर बिली प्रेस्टन होते. आरडाओरडा नव्हता, अंगात शिरणारा वारा होता आणि शेवटी पोलीस आले. खाली रस्त्यावरच्यांना ते दिसत नव्हते; शेजारच्या गच्चीवरच्यांना दिसतही होते आणि ऐकूही येत होते. मला त्या शेजारच्या गच्चीवर जागा हवी होती. उघड्यावर भिंतींचा परतावा मिळत नाही, आवाज निघून जातो तो जातोच. अशा जागी चार माणसे एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हे मला माझ्या कानांनी ऐकायचे होते.

घाटवाट

क्वीन या बँडचे नाव कोणीतरी घेणारच, म्हणून मीच घेतो. मात्र १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीत, ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात ते वाजले त्या २१ मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही, कारण त्यांचे चित्रण सर्वांनी इतक्या वेळा पाहिले आहे की आपण तिथे नव्हतो हेच विसरायला होते.

मला ऐकायचा आहे तो क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा पहिला बँड, आणि तो आपल्या पंचक्रोशीत नाही तरी सकाळी कोल्हापुरातून निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल अशा अंतरावर वाजत होता. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बल्सारा, म्हणजेच पुढचे फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवू लागले. गंमत अशी की मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारुख पियानोवर बसे.

काय ऐकले असते? पुढे ज्याने एका हाताच्या इशाऱ्यावर ७० हजार माणसांकडून गाऊन घेतले, तो मुलगा दुसऱ्याच्या मागे बसून साथ करताना आपला आवाज किती आवरून धरत होता, ते. साथीला बसलेल्या माणसाचा गायक होण्याचा क्षण बाहेरून ऐकू येतो का, याचे मला कुतूहल आहे. पाचगणीला गेलो की टेबललँडवर घोडे आणि स्ट्रॉबेरी पाहण्यापेक्षा मी त्या शाळेच्या बाहेर जरा वेळ रेंगाळतो.

तिकटीवरचा

कोल्डप्ले, नवी मुंबई, जानेवारी २०२५. ऑनलाइन रांगेत माझा क्रमांक लाखांत होता. स्टेडियमला नाव आमच्याच जिल्ह्यातल्या गृहस्थांचे असल्यामुळे कोल्हापूरकरांना थोडे पुढे सोडतील अशी आशा होती, ती व्यर्थ ठरली. काय ऐकले असते हे मला सांगता येणार नाही, कारण माझे लक्ष हातातल्या लुकलुकणाऱ्या पट्टीकडे असते.

रंकाळाकाठ

तिकटीवरचे साहेब, आपले उत्तर दोन्ही अटींत बसत नाही, परंतु प्रामाणिकपणाबद्दल ते राहू देत आहोत.

जुना प्रेक्षक

माझे वय आता ७४ आहे आणि आमच्या लहानपणी ‘बँड’ म्हणजे वरातीपुढे चालणारा, लाल डगल्यांचा. तेव्हा व्याख्येचा वाद न घालता मी असे विचारतो, की ठरलेले वादक, ठरलेला गायक, गावोगावचे दौरे, आपापले कट्टर चाहते आणि प्रतिस्पर्ध्यांशी चुरस, एवढे सगळे असले की त्याला बँड का म्हणू नये? तसे असेल तर नाटक मंडळ्या हे आपले बँडच होते आणि गंधर्व नाटक मंडळी हा त्यांतला सर्वांत श्रीमंत. तिच्या साथीदारांत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष, अशी माणसे बसलेली होती. दुसऱ्या बाजूला होती ललितकलादर्श, जी आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीला, वयाच्या अठराव्या वर्षी काढली.

या दोन मंडळ्यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन ‘मानापमान’चा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. मला हवे होते ते या प्रयोगाचे तिकीट. नाटक खाडिलकरांचे असले तरी त्यातल्या पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे पुन्हा आपल्याच मातीतल्या माणसाच्या. पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी यांचा लचकदारपणा त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला आणि खुद्द गंधर्व मंडळीच्या स्थापनेतही ते भागीदार होते.

आता आपली दुसरी अट. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. बालगंधर्वांची जी पदे आपण ऐकतो, ती त्या मापात कापून बसवलेली आहेत. रंगमंचावर तेच पद ‘वन्समोअर’ घेत घेत कितीही लांबे आणि दर वेळी निराळ्या वाटेने समेवर येई. त्या रात्री समोर प्रतिस्पर्धी मंडळीचा नायक उभा होता. केशवरावांचा आवाज उंच, धारदार आणि चढाईचा. बालगंधर्वांची गायकी लाडिक, समेशी सलगी करणारी. एकाने जागा घेतल्यावर दुसऱ्याने तिला काय उत्तर दिले, वन्समोअर कोणाला जास्त मिळाले, आणि ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेत कोणाचा शब्द अधिक स्पष्ट पोहोचला, हे मला ऐकायचे होते. हे कोणत्याही तबकडीवर नाही. अवघ्या तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले, तेव्हा त्यांचे वय ३१ होते. त्यामुळे पुढे कधी तरी ऐकू, असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही.

शेवटच्या रांगेचा उल्लेख मी उगाच केला नाही. शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्ती मैदानालगत बांधलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, मी तरुणपणी मुद्दाम मागे बसत असे. तिथे चांगल्या नटाचे कुजबुजणेसुद्धा ऐकू येई. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत गेले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी चालत तिथपर्यंत गेलो आणि बाहेरूनच परतलो.

रंकाळाकाठ

काका, आपण दिलेली बँडची व्याख्या मला मान्य आहे. एकच विचारतो : वन्समोअरच्या वेळी दुसऱ्या मंडळीचे चाहते गप्प बसत असतील, असे आपल्याला वाटते का?

जुना प्रेक्षक

कोल्हापूरचे असतील तर नाही.

ठेका

काकांनी थिरकवा साहेबांचे नाव घेतले, म्हणून तबल्याचा एक अर्धवट विद्यार्थी या नात्याने लिहितो. माझा बँड ‘शक्ती’, आणि तोही १९७०च्या दशकातला पहिला संच : जॉन मॅक्लॉफ्लिन गिटारवर, एल. शंकर व्हायोलिनवर, झाकीर हुसेन तबल्यावर आणि विक्कू विनायकराम घटमवर. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका जुलै १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात झालेल्या प्रत्यक्ष मैफलीचीच आहे, त्यामुळे ‘ध्वनिमुद्रणात काय नाही’ हे सांगणे मला अवघड जायला हवे. तसे ते जात नाही.

मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारीवर पडद्यांमधले लाकूड खोल कोरलेले होते, ज्यामुळे तार दाबून वीणेसारखी मींड काढता येई, आणि मुख्य तारांखाली आडव्या तरफा, म्हणजे इतर सुरांबरोबर आपोआप गुंजणाऱ्या तारा, लावलेल्या होत्या. तरफांचा गुंजारव दूरच्या मायक्रोफोनला लागत नाही. जवळ बसलेल्या माणसालाच तो लागतो, हे सतारीच्या किंवा सारंगीच्या बैठकीला पुढे बसलेला कोणीही सांगेल. दुसरी गोष्ट तबला आणि घटम यांच्या सवाल-जवाबाची. हिंदुस्तानी माणूस ठेक्याच्या आवर्तनात विचार करतो आणि कर्नाटकी माणूस बोलांच्या गणितात. हे दोन हिशेब एकाच समेवर उतरतात तो क्षण मुद्रणात ऐकू येतो, पण त्याआधीची नजरानजर येत नाही. ‘आता तू’ असे कोण कोणाला म्हणाले, हे कळल्याशिवाय तो जवाब अर्धाच कळतो, असे माझे मत आहे. आणि विनायकराम घट हवेत उडवून तालात झेलत. माझ्याकडच्या फितीत अशा ठिकाणी फक्त प्रेक्षकांचा हुंकार आहे. तो ऐकला की मी अजूनही मान वर करतो.

आता कबुली. २०२३च्या जानेवारीत ‘शक्ती’ पन्नास वर्षांच्या निमित्ताने मुंबईत वाजली. संच बदललेला होता, गायनाला शंकर महादेवन आणि घटमच्या घराण्यातून विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश होते, पण मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाई होतेच. तिकीट परवडत होते, रजाही मिळाली असती. मुलीची सहामाही जवळ आली होती, शिवाय झाकीरभाई दर हिवाळ्यात भारतात येतात, पुढच्या वेळी जाऊ, असे म्हणून मी राहिलो. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

मुलीला त्या सहामाहीत गणितात ६१ गुण मिळाले होते. ती आता स्वतः तबला शिकते आणि त्या दिवशी मला का नेले नाही, असे मलाच विचारते.