थुकरटवाडीची हवा प्रेक्षकांनी काढली म्हणे!

पडद्यामागचा:
काल 'उंटावरचा शहाणा' यांनी ठासून लिहिलं की 'चला हवा येऊ द्या' (झी मराठीवरचा विनोदी कार्यक्रम, थुकरटवाडी हे त्यातलं काल्पनिक गाव) बिघडलं वगैरे काही नव्हतं. प्रेक्षकाला रील्सची चटक लागली, पाच मिनिटं एका जागी बसवेना, म्हणून मार्च २०२४ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. वर 'कलाकार तेच, मेहनत तीच, कृतघ्न आपण' हा शेरा. एका ओळीत उत्तर देऊन सोडणार होतो, पण 'कृतघ्न' झोंबलं. तेव्हा सविस्तर.

भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांच्या टायमिंगबद्दल वादच नाही. बिघडलं ते लिखाण, आणि लिखाणाची भोकं बुजवायला आलेलं संकलन.

दहा-बारा मिनिटांचं स्किट असेल तर पहिल्या मिनिटात कोण, कुठे आणि घोडं कुठे पेंड खातंय हे कळलं पाहिजे. चौथ्या मिनिटाच्या आसपास अडचण दुप्पट व्हावी लागते. सातव्या-आठव्याला ज्याच्या भरवशावर सगळं चाललंय तोच उलटतो. आणि शेवटचा पंच पहिल्या मिनिटात पेरलेल्या गोष्टीतूनच उगवावा लागतो. बाहेरून आणलेल्या पंचाला टाळ्या पडतात, हशा पडत नाही. ऑगस्ट २०१४ नंतरची पहिली दोन-तीन वर्षं काढून बघा. सिनेमाची मंडळी पाहुणी यायची आणि विडंबन त्याच सिनेमाचं असायचं: त्यातली बोली, नायकाची चाल, पार्श्वसंगीत, एखाद्या पात्राची मान वेळावण्याची लकब. लिहिणाऱ्याने सिनेमा बारकाईने बघितलाय हे कळायचं.

पुढे साचे आले. मुलगी बघायचा कार्यक्रम, दवाखाना, पोलीस ठाणं. त्यात पाहुण्यांच्या सिनेमाचं नाव तेवढं बदलायचं. प्रत्येक पात्राची एन्ट्री म्हणजे गाणं, रंगमंचभर एक फेरी, पाहुण्यांसमोर उभं राहून गेटअप दाखवणं आणि सहकलाकाराने त्याच्या वजनावर किंवा रंगावर एक शेरा मारणं. याला चाळीस-पन्नास सेकंद धरा. पाच पात्रं म्हणजे चार मिनिटं गेली आणि गोष्ट अजून वेशीबाहेरच. उरलेल्या वेळात कथानक मावत नाही, मग हसू आवरत नसल्याचा अभिनय, वाक्य विसरल्याचा अभिनय आणि निवेदक निलेश साबळेला मध्ये ओढणं.

संकलनाचं तर विचारू नका. जिथे हशा पडलेला नाही तिथे पाहुण्याचा हसरा चेहरा चिकटवायचा. हे पकडायला सोपं आहे. हसण्याआधीच्या शॉटमध्ये पाहुणीची ओढणी एका खांद्यावर, हसताना दोन्ही खांद्यांवर, पुढच्या वाक्याला पुन्हा एका खांद्यावर. म्हणजे हसू दुसऱ्याच विनोदाचं. एकदा नजर बसली की त्या कार्यक्रमात दुसरं काही दिसतच नाही.

राहिला पोस्टमन. सागर कारंडे वाचायचा ती अरविंद जगताप यांची पत्रं हा या कार्यक्रमातला खरा ऐवज. हसून हसून दमलेल्या माणसाला अचानक गप्प करायची ती युक्ती होती, आणि युक्ती क्वचित वापरली तरच लागते. नंतर पत्राआधीच करुण सूर सुरू व्हायचे, म्हणजे वाक्य यायच्या आत प्रेक्षकाला सूचना: काढा रुमाल.

यात रील कुठे आली?

उंटावरचा शहाणा:
एवढं मोजमाप करणाऱ्याने एक साधा हिशेब केला नाही. आठवड्याला दोन भाग, म्हणजे वर्षाला शंभरच्या घरात. भागाला दोन स्किटं धरली तरी दोनशे. तुमच्या आवडत्या एकांकिकावाल्यांना एका पाऊण तासाच्या संहितेला तीन महिने तालीम लागते आणि तरी प्राथमिक फेरीत निम्म्या पडतात. इथे सोमवार आला की भाग दाखवायचाय. साडेनऊ वर्षं! पहिल्या मिनिटात पेरा न् शेवटी उगवा हे ऐकायला छान वाटतं. दोनशे वेळा पेरून दाखवा.

आणि सिनेमा बघून विडंबन लिहायचं म्हणता, तो सिनेमा आधी दाखवतं कोण? पाहुणे येतात प्रदर्शनाच्या आधी. लेखकाच्या हातात ट्रेलर, दोन गाणी आणि 'नायकाची खिल्ली उडवू नका' ही प्रेमळ सूचना. साचा येणारच.

पडद्यामागचा:
ट्रेलरचा मुद्दा रास्त. पण मग दोष प्रेक्षकाचा कसा, हे तुम्हीच सांगा. दोनशे स्किटं झेपत नव्हती तर पर्वं करायची. सहा महिने काम, सहा महिने लिखाण. इथे पर्वं आली ती नावापुरती. विश्वदौरा काय, शेलिब्रिटी पॅटर्न काय, पाटी बदलली आणि माल तोच. परदेशात जाऊनही नवऱ्याला बायको ओरडते यावरच हसायचं, तर विमानाचं तिकीट कशाला?

निऱ्या:
दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही आहात. कार्यक्रम गेला तो साडीने. भाऊंची शांताबाई, सागरची पुणेरी बाई ही दोन पात्रं लिहिलेली होती, त्यांना स्वभाव होता, भाषा होती. पुणेरी बाई साडीशिवायही पुणेरीच राहिली असती. पण ती चालली म्हटल्यावर प्रत्येकाला लुगडं गुंडाळलं. मग विनोद काय? पुरुष साडीत आहे, हाच. छातीकडे बोट, कमरेला झटका, आवाज किनरा, संपलं. श्रेया बुगडे कितीतरी वर्षं त्या चमूत एकटी बाई. स्नेहल शिदम आली ती खूप नंतर. बाईच्या भूमिका भरपूर आणि बाया दोन, हे गणित कुणाला खटकलं नाही? 'लेडीज झिंदाबाद' पर्वात मालिकांमधल्या अभिनेत्री स्किटमध्ये उतरल्या, म्हणजे बायका मिळत होत्या. हव्या तेव्हा.

काठावरचा:
निऱ्या यांना +१.

फडकरी:
लुगड्याला शिव्या देण्याआधी जरा थांबा. तमाशाच्या गवळणीतली मावशी कोण असते? पुरुषच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी, आणि वाट अडवणाऱ्या कृष्णाला न् पेंद्याला तोंड देणारी तीच. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात हशाचा मोठा वाटा तिचा. कित्येक फडांत (तमाशाच्या संचांत) तर ती धड साडीतही नसते. सदऱ्यावरूनच डोक्यावर पदर ओढलेला. बाई दिसण्याचा आटापिटाच नाही. हसू येतं ते तिच्या जबाबांना. कृष्ण दाण म्हणजे जकात मागतो, मावशी उलट त्याच्याकडेच हिशेब मागते. जबाब बोथट असला तर पदर कितीही ओढा, समोरचं पब्लिक उठून तंबाखू मळायला जातं.

तेव्हा रोग साडी नव्हे, जबाब नसणं हा आहे. पडद्यामागचे यांचं म्हणणं तेच, फक्त त्यांनी स्टॉपवॉच लावून सांगितलं.

पेटाऱ्यातला संकासुर:
तमाशाचं बोललात, आता दशावतारी नाटकाचंही ऐका. कुडाळ-सावंतवाडीपासून पेडण्यापर्यंत आजही स्त्री-पार्ट करणारे पुरुष रात्र रात्र उभे असतात. लिखित संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरतं, संवाद आयत्या वेळचे. तरी प्रेक्षागारात 'पुरुष साडीत' म्हणून कोणी फिस्सकन हसत नाही, कारण चाल घोटवलेली असते. नेसायची साडी नेसली की पाऊल आपोआप लहान पडतं, निऱ्या सांभाळाव्या लागतात, बसताना आधी पदर मग गुडघे. टीव्हीवाले आणतात शिवलेली नऊवारी. दोन मिनिटांत चढते, झटपट कपडेबदलाला उत्तम, पण पाय मोकळे राहतात. मग नट ढांगा टाकत चालतो आणि ते विनोदी वाटतं असा त्याचा समज होतो. बालगंधर्वांच्या साड्या न् केशरचना बघून त्या काळच्या घरंदाज बायका तशा राहू लागल्या, हे काय शिवलेल्या नऊवारीने झालं?

निऱ्या:
बालगंधर्व आले का? येणारच होते. पुरुषांच्या साडीवर कोणी प्रश्न विचारला की दहा मिनिटांत बालगंधर्व येतात, हा मराठी चर्चेचा नियम आहे. अहो, त्या काळी बायकांना रंगमंच बंद होता म्हणून पुरुष उभे राहिले. बालगंधर्वांचं 'मानापमान' नाटक १९११चं. त्याला शंभर वर्षं उलटून गेल्यावर बायका लिहितात, दिग्दर्शन करतात, एकपात्री करतात, आणि तुम्ही वाहिनीच्या काटकसरीला परंपरेचा शेला पांघरताय. मावशीचा जबाब थोर असेल. पण मावशीच्या शेजारी गवळणी असतात आणि त्या बायका असतात, हे सोयीने विसरलात.

फडकरी:
विसरलो नाही. म्हणूनच मावशी एकटी असते, पाच मावश्या नसतात. एका फडात एकच. बाकीच्या नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाया, आणि फड त्यांच्या जिवावर चालतो. थुकरटवाडीत सगळ्याच मावश्या झाल्या, हे तुमचं म्हणणं मान्य. पण 'काटकसर' हा शब्द मागे घ्या. साडीतला गाजलेला नट बाईपेक्षा स्वस्त पडतो असं तुम्हाला वाटतं?

निऱ्या:
शब्द मागे घेत नाही. 'मान्य' तेवढं ठेवून घेते.

ठेचा-भाकर:
साडीचं झालं असन तं जराकसं आमच्याइकडं पाहा. गणेशपुरे साहेबाबद्दल आदरच हाय. पण वऱ्हाडी माणूस पुण्या-मुंबईच्या विनोदात आला का तो सरपंच नाही तं हवालदार, अन् बोलला का हसा. 'काऊन बे' म्हटलं का पडला हशा. आता सांगा, यात विनोद कोणता? अकोल्यात हजारो लोक रोज 'काऊन बे' म्हणतात, कोणी पोट धरून लोळत नाही. गणेशपुरेंचं चांगलं काम पाहा, त्यात वाक्याच्या शेवटी स्वर खाली टाकून तो माणूस मुकाट्यानं अपमान गिळते, त्याचं हसू येते. नंतर लिहिणाऱ्यानं स्वर सोडला अन् दोन शब्द पकडले. मालवणीचं तेच, आगरीचं तेच.

पेटाऱ्यातला संकासुर:
मालवणीबद्दल शंभर टक्के. शिवी आली म्हणजे मालवणी झाली, असा समज आहे लोकांचा.

तिसरी घंटा:
धागा भरकटलाय, पण मजा येतेय. मूळ मुद्द्यावर एक पुरावा देते. कलाकार तेच, मग हवा का गेली, हा प्रश्न ना? याची परीक्षा झालेली आहे. ओंकार भोजने २०२२ मध्ये सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोडून 'फू बाई फू' या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमात गेला. नट तोच, टायमिंग तेच, पर्व लवकरच आटोपलं. निलेश साबळे आणि भाऊ कदम २०२४ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' घेऊन गेले, तोही टिकला नाही. म्हणजे नट उचलून दुसऱ्या मातीत लावला की उगवतोच असं नाही. सचिन मोटे-सचिन गोस्वामींची हास्यजत्रा २०१८पासून उभी आहे, मधे विशाखा सुभेदार गेली, गौरव मोरे गेला, तरी डोलारा पडला नाही. कारण तिथे जोड्या बांधलेल्या आहेत आणि एकेका पात्राला लिहिलेली सवय आहे. एक गेला तर जोडी बदलते, घडण राहते.

उंटावरचा शहाणा:
हास्यजत्रेची आरती थांबवा. तिथेही स्किट संपल्यावर परीक्षकांची स्तुती स्किटाएवढीच चालते, ते मोजलंत का? आणि पात्रांच्या 'सवयी' आता पाठ झाल्यात. कोण कधी ओरडणार हे प्रेक्षक आधी सांगतो.

माझा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही. हेच स्किट मोबाइलवर दीड मिनिटाचा तुकडा म्हणून येतं तेव्हा लाखो लोक बघतात. पूर्ण भागाला बसत नाहीत. मग प्रेक्षक बदलला की नाही?

पडद्यामागचा:
बदलला. घ्या, दिलं. पण तुकडा कुठला चालतो ते बघा. ज्याला मागचा-पुढचा संदर्भ लागत नाही तो. म्हणजे एन्ट्री, गेटअप, एखादा टोमणा, हसू न आवरणं. पहिल्या मिनिटात पेरून बाराव्यात उगवणारा पंच दीड मिनिटात कापताच येत नाही. वाहिनीला तुकडे हवेत, म्हणून लेखक तुकड्यांसाठी लिहू लागतो, आणि मग अख्खं स्किट म्हणजे पाच एन्ट्र्यांची माळ. ती माळ रात्री साडेनऊला तासभर बघायला कोण बसेल? तुमचा प्रेक्षक रीलवर गेला हे खरं, पण त्याच्या आधी स्किट तिकडे जाऊन बसलं होतं.

पडताळा हवा असेल तर २०१५-१६ चं कुठलंही एक आणि २०२२-२३ चं कुठलंही एक स्किट घ्या. आवाज बंद करून एन्ट्रीत किती वेळ जातो ते मोजा. मग डोळे मिटून फक्त ऐका. शरीरावरचे शेरे आणि गोष्टीतून आलेले विनोद वेगळे मोजा. शेवटी बघा, संपता संपता जे वाक्य येतं त्याचा धागा पहिल्या मिनिटात आहे का.

उंटावरचा शहाणा:
आवाज बंद करून आणि डोळे मिटून विनोदी कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला साक्षात भाऊ कदमही हसवू शकणार नाहीत. तुकड्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण ते माझ्याच मुद्द्याचं शेपूट आहे, म्हणून ते मी माझ्याच खात्यात धरतो. जुलै २०२५ मध्ये अभिजित खांडकेकरला निवेदक करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा 'साबळे नाही तर बघणार नाही' म्हणणारे याच धाग्यावरचे लोक होते. तेव्हा लिखाणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तिसरी घंटा:
नावं घ्या.

उंटावरचा शहाणा:
नावं घेतली की प्रतिसाद उडतो.

काठावरचा:
साडी, तमाशा आणि वऱ्हाडीवाल्यांनी कृपया वेगळे धागे काढावेत. मूळ विषय शोधायला वर-खाली करून अंगठा दुखला.

निऱ्या:
आम्ही कुठेही जाणार नाही. फडकरी, गवळणी बाया असतात हे मान्य केलंत, आता एकच सांगा: मावशीचे जबाब लिहायला आजवर किती बायांना बसवलं?

फडकरी:
लिहीत कोणी नाही, मावशी जागच्या जागी बोलते. पण थांबा, मंगळवारी फडाचा मुक्काम उठल्यावर सविस्तर येतो. तोवर 'काटकसर' मागे घ्या.